सर्व्हरचं घड्याळ चुकतंय? आधी किती चुकलं ते मोजा

कापसाचा हंगाम जोरात असताना जिनिंगच्या काट्यावर भरलेली गाडी तोलली जाते. पट्टीवर वेळ छापली जाते ११:४०. गाडी खाली होऊन परत काट्यावर येते आणि रिकाम्या वजनाची वेळ छापली जाते ११:२८. म्हणजे कापूस उतरायच्या आधीच गाडी रिकामी! काही सॉफ्टवेअर अशी पट्टी अडवून धरतं, काही दोन्ही वजनं उलटी लावतं. मागे गाड्यांची रांग वाढते आणि शेतकऱ्याचा चुकारा खोळंबतो. दोष काट्याचा नसतो, काट्यावर बसणाऱ्या मुलाचा तर नसतोच. सकाळी लाइन गेलेली असते. सर्व्हर परत उठतो तो बायोसमध्ये, म्हणजे मशीन उठताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रणालीत, कुणीतरी अंदाजाने लावलेली वेळ घेऊन. मग इंटरनेट येतं, खरी वेळ मिळते आणि दोन तोलांच्या मधोमध घड्याळ अर्धा तास मागे येतं.

बाजार समिती, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, ग्रामीण रुग्णालय, तालुक्याचं कॉलेज, सगळीकडे एका कोपऱ्यात असा एखादा सर्व्हर असतो आणि तो सांभाळायचं काम ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्या गळ्यात पडतं. हा लेख त्याच्यासाठी आहे. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना त्यांची नेहमीची इंग्रजी अक्षरं वापरा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वेळ चुकलेली दिसताच हाताने दुरुस्त करून मोकळं होणं. तसं केलं की पुरावाच पुसला जातो. घड्याळ किती चुकलं आणि कोणत्या बाजूला चुकलं, यावरून ते का चुकलं हे बहुतेक वेळा कळतं. म्हणून हात लावण्याआधी मोजा आणि कागदावर लिहा.

पहिली पायरी: मोजणी

लिनक्स सर्व्हरवर 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा द्या. उत्तरात स्थानिक वेळ, जागतिक वेळ म्हणजे यूटीसी, आरटीसीची वेळ, टाइम झोन आणि घड्याळ जुळलेलं आहे की नाही, अशा ओळी येतात. आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचं छोटं घड्याळ. वीज नसताना ते बटण सेलवर चालतं. सर्व्हर चालू असताना वेळ मोजते ती सिस्टिमची वेगळी घडी. ही दोन घड्याळं वेगळी आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ संपतो.

शेजारी मोबाईल धरा. त्याची तारीख-वेळ 'स्वयंचलित'वर असेल तर सेकंद-दोन सेकंदांच्या अंदाजासाठी तो पुरतो. आता फरक वाचा.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही, टाइम झोनचा घोळ आहे. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. सर्व्हर साडेपाच तास मागे दिसत असेल तर झोन यूटीसीवरच राहिला आहे. 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन' लिहून पुढे 'आशिया/कोलकाता' द्या. साडेपाच तास पुढे दिसत असेल तर आरटीसीत भारतीय वेळ भरलेली आहे आणि लिनक्स तिला यूटीसी समजून वर आणखी साडेपाच तास मिळवतंय. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की हे हमखास होतं, कारण विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ ठेवतं. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०' देऊन लिनक्सची बाजू यूटीसीवर पक्की करा. सर्व्हरवर दोन सिस्टिमी ठेवूच नयेत, हे आमचं स्पष्ट मत. आणखी एक फसवा प्रकार आहे: 'टाइमडेटसीटीएल' बरोबर वेळ सांगतं, पण सॉफ्टवेअरच्या पावतीवर साडेपाच तास मागची वेळ येते. असं सॉफ्टवेअर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरमधल्याच एका बंदिस्त कप्प्यात, चालत असेल तर कंटेनरचा झोन मुळात यूटीसी असतो. तिथे झोन द्या, सर्व्हरच्या घड्याळाला हात लावू नका.

फरक वर्षांचा असेल, म्हणजे तारीख थेट बोर्ड बनवल्याच्या सुमारास गेली असेल, तर बटण सेल संपला. फायलींवर १ जानेवारी १९७०, सकाळी ५:३० अशी तारीख दिसली तर घाबरू नका. लिनक्सची मोजणी तिथून, यूटीसीच्या मध्यरात्री सुरू होते. आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले होते. तो शून्य आहे, कुणी केलेली छेडछाड नाही.

फरक काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असेल आणि दिवसागणिक सारखा वाढत असेल, तर घड्याळ नेहमीसारखंच सरकतंय, त्याला खरी वेळ मिळणंच बंद झालंय. हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. फरक कधी पुढे तर कधी मागे उडी मारत असेल तर वेळ लावणाऱ्या दोन सेवा एकाच घड्याळाचे कान पिळताहेत. आणि लाइन जेवढा वेळ गेली होती तेवढाच फरक असेल, तर ते व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालणारं मशीन, आहे किंवा आरटीसीच नसलेला छोटा बोर्ड. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत बोर्डावर आरटीसी नव्हती.

दुसरी पायरी: खरी वेळ येते का ते बघा

खरी वेळ एनटीपी या पद्धतीने, यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून येते. आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, करते. तिचा वेळ-सर्व्हर 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी'. एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र, याचे 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' आणि 'समय२ डॉट एनआयसी डॉट इन' असे दोन आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत याच दोन संस्थांच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी, घड्याळ जुळवायला सांगितलं आहे. त्यामुळे पत्ते निवडताना फार विचार करायची गरज नाही.

लिनक्सवर एनटीपीने वेळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम वापरत असाल तर 'क्रोनीसी सोर्सेस' द्या. एकेका सर्व्हरची एकेक ओळ येते. ओळीच्या सुरुवातीची खूण आधी वाचा. चांदणी म्हणजे सध्या याच्याकडून वेळ घेतली जातेय. अधिकचं चिन्ह म्हणजे हाही विश्वासू, सोबतीला धरलाय. प्रश्नचिन्ह म्हणजे याचं उत्तर येत नाही किंवा अजून पुरेसं आलेलं नाही. फुलीसारखा एक्स म्हणजे बाकीच्यांशी याची वेळ जमत नाही.

पुढे 'रीच' नावाचा रकाना असतो. नवखे लोक त्याच्याकडे बघत नाहीत, पण खरी गोष्ट तिथेच आहे. तो आकडा आठच्या पायावरचा, म्हणजे ऑक्टल आहे आणि त्यात शेवटच्या आठ विचारणांची नोंद असते. आठही वेळा उत्तर आलं तर ३७७. एकदाही नाही तर ०. सेवा नुकतीच चालू केली असेल तर आकडा १, ३, ७, १७, ३७, ७७, १७७ असा चढत ३७७ वर पोचतो. ३७६ दिसला तर फक्त ताजी विचारणा वाया गेली, चिंता नको. पण आकडा कधीच भरत नसेल, दर वेळी अधेमधे भोकं पडत असतील, तर नेट तुटक आहे. विचारणा ६४ सेकंदांनी होत असेल तर आठ विचारणांना साडेआठ मिनिटं लागतात. तेवढा धीर धरा. दोन मिनिटांत सेवा परत परत चालू केली की रीच पुन्हा शून्यापासून चढते आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

'रीच' शून्यच राहिली तर कारणं या क्रमाने तपासा.

नाव उलगडतं का? 'पिंग' देऊन सर्व्हरच्या नावासमोर आयपी आकडा येतो का ते बघा. पिंगला उत्तर आलं नाही तरी चालेल, आकडा यायला हवा. आला नाही तर भानगड डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सेवेची, आहे.

मागणी बाहेर जाते का? 'टीसीपीडम्प' आज्ञेला यूडीपी पोर्ट १२३ ची चाळणी लावा आणि पाच मिनिटं बघत बसा. मागणी जाताना दिसते, उत्तर येताना दिसत नाही, तर सर्व्हर निर्दोष आहे. राउटर, फायरवॉल किंवा इंटरनेट पुरवणारा मध्ये अडवतोय. ब्राउझर चालतो, व्हॉट्सॲप चालतं, म्हणून नेट ठीक आहे असं समजू नका. त्यांची वाट वेगळी, १२३ ची वाट वेगळी. २०१३-१४ च्या सुमारास एनटीपीचा गैरवापर करून मोठे हल्ले झाले, तेव्हापासून कित्येक ठिकाणी १२३ वर बंधनं आली. यात एक बारीक खोच आहे. काही ठिकाणी फक्त तुमच्या बाजूचं पोर्टही १२३ असेल तरच अडवतात. एनटीपीडी हा वेळ जुळवणारा जुना प्रोग्राम आणि विंडोजची वेळ-सेवा आपल्या बाजूनेही १२३ च वापरतात, क्रोनी मात्र दर वेळी वेगळं पोर्ट घेतो. त्यामुळे त्याच खोलीत, त्याच राउटरवर क्रोनी चालतो आणि विंडोज अडतं. अशा वेळी विंडोजशी भांडण्यापेक्षा क्रोनीच्या सर्व्हरकडून त्याला वेळ द्या. ते पुढे सांगितलंय.

घड्याळाला हात न लावता नुसतं तपासायचं असेल तर क्रोनीची सेवा थांबवा आणि 'क्रोनीडी'ला वजा मोठा क्यू हा पर्याय देऊन पुढे अवतरणचिन्हांत 'सर्व्हर', पत्ता आणि 'आयबर्स्ट' लिहा. घड्याळ किती सेकंदांनी चुकलंय ते छापून तो बाहेर पडतो. विंडोजवर हेच काम 'डब्ल्यू३२टीएम'चा 'स्ट्रिपचार्ट' करतो.

एक चक्रव्यूह मात्र ओळखून ठेवा. तारीख फार चुकली की डीएनएसमधल्या सह्या आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रं 'अजून लागू नाहीत' किंवा 'मुदत संपली' म्हणून नाकारली जातात. वेळ-सर्व्हरचं नावच उलगडत नाही, म्हणून वेळ येत नाही; वेळ येत नाही म्हणून नाव उलगडत नाही. इथे, आणि फक्त इथे, मोबाईल बघून हाताने एकदा तारीख-वेळ लावा. मिनिटाच्या आत आली की पुढचं क्रोनी सांभाळतो.

तिसरी पायरी: क्रोनी नीट बसवा

उबंटूवर क्रोनी बसवला की वेळ जुळवणारी आधीची टाइमसिंकडी सेवा आपोआप निघते. पण जुना एनटीपीडी, व्हर्च्युअल मशीनची मदतनीस साधनं आणि कुणीतरी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, टाकून ठेवलेली वेळ-आज्ञा राहून जातात. घड्याळाला मालक एकच हवा. बाकीचे बंद करा. सेवेचं नाव उबंटू-डेबियनवर 'क्रोनी' आणि रेड हॅटच्या घराण्यात 'क्रोनीडी' असतं, एवढ्यावरून अर्धा तास वाया जातो.

क्रोनी डॉट कॉन्फ फायलीत एनपीएलची एक ओळ, एनआयसीच्या दोन ओळी आणि चौथा म्हणून भारताचा पूल, म्हणजे अनेक वेळ-सर्व्हरचा गट, 'इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी' द्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'आयबर्स्ट' लिहा, म्हणजे सुरुवातीच्या विचारणा झटपट होतात. दोनच पत्ते कधी देऊ नका. दोघांत फरक पडला तर खरा कोण, हे क्रोनीला ठरवता येत नाही. तीन असले तर बहुमत होतं, चार असले तर एखादा बंद पडला तरी बहुमत टिकतं. गूगलचे वेळ-सर्व्हर यांच्यात मिसळू नका. लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून जागतिक वेळेत घातलेला जादा सेकंद, आला की ते तो सेकंद दिवसभरात पसरवून देतात, बाकीचे एकदम देतात. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचच्या आधी आला होता.

आणखी तीन ओळी: 'मेकस्टेप १.० ३', 'आरटीसीसिंक' आणि ड्रिफ्ट फायलीचा, म्हणजे घड्याळाची ओढ नोंदवणाऱ्या फायलीचा, पत्ता. मेकस्टेपचा अर्थ असा: सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर उडी मारून वेळ लावायची, त्यानंतर फक्त हळूहळू सरकवायची. आरटीसीसिंकमुळे सिस्टिमची जुळलेली वेळ दर अकरा मिनिटांनी आरटीसीत लिहिली जाते. लाइन अचानक गेली तरी शेवटची बरोबर वेळ बोर्डावर राहते.

सुरुवातीच्या काट्याच्या घोळाचं उत्तर इथेच आहे. लाइन आली की सर्व्हर एका मिनिटात उठतो. राउटर आणि फायबरचा डबा उठून नेट यायला तीन-चार मिनिटं लागतात, कधी तासही लागतो. तोवर काट्याचं सॉफ्टवेअर चालू झालेलं असतं आणि मेकस्टेपची उडी ऐन तोलाच्या मध्ये पडते. म्हणून 'क्रोनी-वेट' ही सेवा चालू करा आणि सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस फायलीत 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्हींसमोर 'टाइम-सिंक डॉट टार्गेट' लिहा. मग वेळ जुळेपर्यंत सॉफ्टवेअर थांबतं. ही वाट बघण्याला साधारण तीन मिनिटांची मर्यादा असते. नेट सावकाश येत असेल तर ती वाढवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे राउटर आणि फायबरचा डबा सर्व्हरच्याच यूपीएसवर घ्या. दोघांना मिळून वीज फारशी लागत नाही, आणि कित्येक ठिकाणी हेच राहून गेलेलं असतं.

चौथी पायरी: चुकलेली वेळ मागे कशी आणायची

घड्याळ मागे पडलं असेल तर पुढे ढकलणं तुलनेने निर्धोक. घड्याळ पुढे गेलं असेल तर जपून. डेटाबेस चालू असताना वेळ वीस मिनिटं मागे आणली तर ती वीस मिनिटं दोनदा घडतात. नोंदींचा क्रम मोडतो, पावत्या उलटसुलट लागतात.

दोन रस्ते आहेत. हंगाम नसेल तर आधी सॉफ्टवेअर आणि डेटाबेस थांबवा, बॅकअप घ्या, 'क्रोनीसी मेकस्टेप' द्या, आणि घड्याळ जेवढं पुढे होतं तेवढा वेळ थांबूनच सगळं परत चालू करा. वीस मिनिटं पुढे होतं तर वीस मिनिटं चहा प्या. थांबवणं शक्य नसेल तर क्रोनीला सावकाश सरकवू द्या. यात वेळ कधीच मागे जात नाही, फक्त घड्याळ धिम्या गतीने चालतं. क्रोनी मुळात सेकंदाचा फरक बारा सेकंदांत भरून काढू शकतो, म्हणजे वीस मिनिटांना चार तास. संध्याकाळी काटा बंद झाल्यावर लावलं की रात्रीतून काम होतं. मात्र मेकस्टेपची ओळ त्या वेळेपुरती काढून ठेवा, नाहीतर सेवा चालू होताच तो उडी मारेल. जुना एनटीपीडी असेल तर हा रस्ता विसरा. त्याला एका सेकंदाचा फरक भरून काढायला दोन हजार सेकंद लागतात. वीस मिनिटांना सत्तावीस दिवसांच्या वर लागतील. शिवाय फरक हजार सेकंदांपेक्षा जास्त दिसला तर तो मुळात बंदच पडतो.

विंडोजचीही अशीच एक मर्यादा आहे. डोमेनमध्ये, म्हणजे एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या कॉम्प्युटरांच्या गटात, नसलेल्या मशीनवर फरक पंधरा तासांच्या वर असेल तर 'आवश्यक बदल फार मोठा आहे' असं सांगून ते वेळ लावायला नकार देतं. सेल गेलेल्या विंडोजच्या मशीनवर नेट उत्तम असूनही तारीख का सुधारत नाही, याचं कारण हे. हाताने तारीख लावा, मग 'डब्ल्यू३२टीएम'ला 'रीसिंक' सांगा.

सेल आणि ऊन

आरटीसीचा सेल बहुधा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. सर्व्हर बंद करून, वायर काढून, मल्टिमीटरने मोजा. २.८ च्या खाली असेल तर बदला. अधिकची बाजू वर. पण सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या. सेल निघाला की बायोस मूळ पदावर जातं आणि दोन गोष्टी हटकून मोडतात: डिस्कची पद्धत, म्हणजे रेड की एएचसीआय, ती बदलली तर सर्व्हर उठतच नाही, आणि वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बंद होते. दुसरी गोष्ट त्या दिवशी लक्षात येत नाही. पुढच्या वेळी पहाटे लाइन जाऊन येते, सर्व्हर तसाच पडून राहतो आणि सकाळी सगळे वेळ-सेवेला दोष देतात.

आरटीसीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि २५ अंशांच्या आसपास सर्वांत नेमका चालतो. तापमान तिथून दोन्ही बाजूंना जितकं सरकेल तितका तो मागेच पडतो, आणि ते पडणं वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ४५ अंशांना दिवसाला साधारण सव्वा सेकंद, ५० अंशांना पावणेदोन सेकंदांच्या वर. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात टिनाच्या शेडखाली बंद कपाटात ५० अंश म्हणजे काही विशेष नाही. स्फटिकाची स्वतःची चूक वेगळी, तीही दिवसाला दीड-दोन सेकंद असू शकते. हंगाम संपल्यावर जिनिंग बंद होते आणि सर्व्हरही सहा महिने बंद राहतो. दसरा-दिवाळीला तो चालू केला की पाच-दहा मिनिटांचा फरक सहज निघतो. तो बिघाड नाही. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सर्व्हर नेटला जोडून तासभर चालू ठेवा, वेळ जुळल्याची खात्री करा, मगच काटा सुरू करा.

बाकीच्या मशीनींना वेळ द्या

काउंटरचे कॉम्प्युटर, हजेरीचं बोटाचं यंत्र, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हे सगळे वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर एकट्या सर्व्हरची वेळ बरोबर असून उपयोग नाही. क्रोनी डॉट कॉन्फमध्ये 'अलाउ' लिहून पुढे तुमच्या नेटवर्कचा पट्टा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ उघडा, पण फक्त आतल्या नेटवर्कला. मग प्रत्येक यंत्रात वेळ-सर्व्हर म्हणून तुमच्या सर्व्हरचा आयपी भरा. डीव्हीआरमध्ये झोन वेगळा भरावा लागतो: जीएमटी अधिक ५:३०. तो राहिला की चोरीच्या दिवशी चित्रण सापडत नाही.

दोन-दोन दिवस नेट नसतं अशा गावी 'लोकल स्ट्रेटम १०' ही ओळ जोडा. नेट गेलं तरी सर्व्हर आतल्या यंत्रांना आपली वेळ देत राहतो, त्यामुळे सगळे निदान एकमेकांशी जुळलेले राहतात. नेट कधीच येत नसेल तर जीपीएस रिसीव्हर जोडता येतो. त्याचा अँटेना उघड्या आभाळाखाली हवा, टिनाखाली चालत नाही. जुना रिसीव्हर घेऊ नका. जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ ला ती आली, तेव्हा काही जुने रिसीव्हर एकदम एकोणीस-वीस वर्षं मागची तारीख सांगू लागले.

शेवटी 'क्रोनीसी ट्रॅकिंग' बघा. 'लीप स्टेटस'समोर 'नॉर्मल' हवं. 'सिस्टिम टाइम'समोरचा फरक मोबाईल नेटवर काही दहा मिलिसेकंद असला तरी काट्याच्या कामाला भरपूर झाला. 'फ्रीक्वेन्सी'चा आकडा दर सोमवारी वहीत उतरवा. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक; १०० पीपीएम म्हणजे दिवसाला साडेआठ सेकंदांची ओढ. आकडा मोठा असून स्थिर असेल तर क्रोनी तो सांभाळून घेतो. आठवड्यागणिक उड्या मारत असेल तर बोर्ड किंवा व्हर्च्युअल मशीनचा यजमान तपासा. नवीन सेल बसवल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.